आबांच्या हौदातले शिंपले

शिंपला हा प्राणी मला बऱ्याच माणसांपेक्षा बरा वाटतो, असं मी वर्गात पहिल्याच तासाला सांगते. मुलं हसतात. हसू देत. शिंपला बडबड करत नाही, पळून जात नाही, कुणाची चहाडी करत नाही. चिखलात अर्धा रुतून बसतो आणि दिवसभर पाणी आत घेतो, बाहेर सोडतो. पाण्यात खाण्यासारखं असेल ते खातो. जे खाऊ नये, म्हणजे शिसं, कॅडमियम असली जड धातूंची घाण, तीही त्याच्या अंगात साठत जाते. बाटलीत पाणी भरून तपासायला नेलं तर त्या घटकेचं पाणी कळतं. काल वरून कुणी काय सोडलं ते कधीच वाहून गेलेलं असतं. शिंपला मात्र जागच्या जागी असतो आणि सगळं अंगात ठेवतो. म्हणून समुद्राकाठी, खाड्यांमधून शिंपले गोळा करून पाण्यात धातू किती मिसळलेत ते तपासतात. आम्हा दौंडकरांना समुद्र कुठला? पण भीमा आहे, घोड आहे, आणि नदीच्या गोड्या पाण्यातही शिंपले असतात. तेव्हा हा उद्योग मी इथंच करायचं ठरवलं.

दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पिकले. रागीट म्हणून माझा लौकिक आहे आणि तो खोटा नाही. प्रयोगशाळेत काचेची पट्टी फुटली तरी मी घर डोक्यावर घेते. पण रागीट माणूस कामात चोख असतो, असा माझा एक समज होता. तो मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता.

भीमेला एक ओढा येऊन मिळतो. वरच्या अंगाला कारखाने आहेत आणि ओढ्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असतं, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. कुठल्या कारखान्याचं काय ते मला माहीत नाही आणि मी इथं त्याचा निवाडाही करायला बसलेली नाही. मी एवढंच केलं, की इनामगावच्या बाजूला घोड नदीच्या पात्रातून चांगले, एका आकाराचे शिंपले आणले, नायलॉनच्या जाळीचे दोन पिंजरे शिवून घेतले आणि त्यात ते भरले. एक पिंजरा ओढ्याच्या तोंडाच्या वर, एक खाली. विटा बांधून पाण्यात सोडले, दोऱ्या काठच्या बाभळींना बांधल्या. काही आठवड्यांनी काढायचे, फोडायचे, मांस वाळवायचं आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. खालच्यात धातू जास्त निघाले, तर ओढ्यातून काय येतं ते उघड झालं.

खालच्या पिंजऱ्याजवळ नदीला लागूनच एक वस्ती आहे. तिथले एक आबा पहिल्याच दिवशी काठावर येऊन उभे राहिले. “जयभीम, म्याडम. काय सोडताय पान्यात?” आबा रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे हातात हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालायचं, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या आणि रूळ धड आहे ना ते बघायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चालण्याची सवय गेली नव्हती. रोज सकाळी नदीकाठानं एक फेरी मारायचे. मला असाच माणूस हवा होता, कारण मासे धरणारे दोरी कापून नेतील ही धास्ती होती.

मी त्यांना म्हटलं, “आबा, ह्यात शिंपले आहेत. जिवापाड जपा. एकही मरता कामा नये.”

मेलेला शिंपला कुजतो, तपासणीच्या कामाचा राहत नाही, म्हणून मी तसं म्हटलं. आबांनी मान हलवली. पिंजरा कशासाठी टांगलाय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वर्गातल्या पोरांना हेच मी फळ्यावर चित्रं काढून, घसा कोरडा होईस्तोवर समजावलं होतं. आबांना समजावायला मला दोन मिनिटं पुरली असती. मला वाटलं, ह्यांना काय करायचंय? राखण करायची, संपलं. हे वाटणं आठवलं, की अजून मला स्वतःची लाज वाटते.

आबांच्या घरात त्यांचा मुलगा, सून आणि नातू. मुलगा वरच्याच बाजूच्या एका कंपनीत कंत्राटावर, बहुधा रात्रपाळीला, म्हणून मी जाई तेव्हा झोपलेला. सून तरणीताठी, बोलकी. तिचं पोरगं नुकतं धडपणे चालायला लागलं होतं आणि जेवणाच्या नावानं भोकाड पसरायचं. वरण नको, भात नको, अंडं तोंडात घातलं की थुंकून टाकणार. एक गोष्ट मात्र तो मिटक्या मारत खायचा, शिंपल्यांच्या कालवणात कुस्करलेली भाकरी. वस्तीतल्या बायका नदीत गुडघाभर उतरतात, पायानं चिखल चाचपतात आणि पायाला शिंपला लागला की वाकून काढतात. हीही तशीच काढून आणायची.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तिला सांगितलं, “आत्ता नको देऊस गं. तपासणी चालू आहे. रिपोर्ट आला की सांगते.”

तिनं त्याच दिवसापासून बंद केलं. का, कशाला, काही नाही. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात म्हणजे नाही द्यायचं. पोरगं उपाशी राहायला लागलं. हातापायाच्या काड्या झाल्या. अंगणवाडीत वजन केलं की तिचं तोंड उतरायचं. मी नदीवर दिसले रे दिसले की ती धावत यायची. “म्याडम, आलं का तुमचं रिपोट?” कडेवर पोरगं, नाक वाहतंय, माझ्या चष्म्याला हात घालतंय. मी म्हणायची, येईल, येईल. आणि मनात म्हणायची, काय ही घाई.

रिपोर्ट आला. वरच्या आणि खालच्या पिंजऱ्यात म्हणण्यासारखा फरकच नव्हता. खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. काहीतरी सापडेल, ते परिषदेत मांडीन, चार लोक माना डोलावतील, असे मांडे मी मनात खाल्ले होते. ओढ्याला एवढा वास येतो आणि शिंपल्यांत काहीच कसं नाही, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही असं नाही, पण मी तो बाजूला ठेवला. खात्री म्हणून दुसऱ्या खेपेचे शिंपले पिंजऱ्यांत भरून सोडले आणि आबांना पुन्हा तेच बजावलं, जिवापाड जपा. सुनेला मी फोन केला तो दोन तासांच्या मधल्या वेळेत, व्हरांड्यात उभ्या उभ्या.

“काही नाही निघालं. खुशाल दे.”

“खरंच व्हय, म्याडम? लई बरं झालं बाई!” तिचा आवाज असा फुलला की मलाही क्षणभर पुण्य केल्यासारखं वाटलं.

दिवाळीची सुट्टी लागली. कॉलेजात मन लागेना, म्हणून एक दिवस कुणालाही न कळवता मी स्कूटर काढली आणि नदीवर गेले. ओढ्याचं तोंड काळंकुट्ट होतं. वर फेस, आणि वास इतका की मी नाकाला पदर लावला. ह्या वेळी तरी शिंपल्यांत काहीतरी सापडणार, असं वाटून मला बरं वाटलं. हेही लपवून काय उपयोग? खालच्या बाभळीशी गेले तर दोरी नुसतीच लोंबत होती. पिंजरा गायब.

माझं डोकं फिरलं. चोरला, दुसरं काय! तरातरा आबांच्या दारात गेले. आबा बाहेरच बसले होते. मी काही बोलायच्या आत ते हसून उठले आणि म्हणाले, “या, या. दावतो तुमाला.” मला घरामागं घेऊन गेले. तिथं बोअरच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे. आबांनी वरचं पोतं उचललं. आत माझा पिंजरा. शिंपले तोंडं किंचित उघडी टाकून निवांत बसले होते.

“एक बी मेलं न्हाई, म्याडम,” आबा म्हणाले.

“हे इथं कुणी आणलं?”

“म्याच आनलं. पानी काळं आलं की उचलतो. निवळलं की परत सोडतो. मागच्या बारीला बी तसंच केलं. तुमी म्हनला हुता न्हवं, जिवापाड जपा म्हनून?”

मागच्या बारीला. म्हणजे ज्या रिपोर्टवर मी बोलले होते, ते शिंपले ओढ्याचं घाण पाणी प्यायलेच नव्हते. घाण यायची तेव्हा ते आबांच्या हौदात पाहुणचार घेत होते.

“आवो, रुळाला चीर दिसली तर आमी काय सायबाला इचारीत बसायचो व्हय? आदी गाडी थांबवायची. जीव वाचवायचा. कळवायचं ते मागनं.” आबा मला हे समजावून सांगत होते, कौतुकानं. चाळीसेक वर्षं ज्यानं हेच केलं, त्याच्या डोळ्यांदेखत काळं पाणी चालून येतंय आणि त्यात आपल्या ताब्यातले जीव बांधलेले आहेत. तो दुसरं काय करणार होता?

पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी ओरडले. “आबा, सगळ्या कामाची माती केलीत तुम्ही! काही कळतं का तुम्हाला?” आणखीही बरंच बोलले. वयानं वडिलांसारखा माणूस, ओल्या हातांनी तसाच उभा. माझे महिने वाया गेले, माझा अभ्यास गेला, माझं हे, माझं ते. सगळं माझंच.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या दाराकडं गेलं. उंबऱ्यावर सून बसली होती. पुढ्यात पोरगं, त्याच्या ताटलीत कालवण. तो रिकामा शिंपला तोंडाला लावून चोखत होता. माझ्या आवाजानं दोघंही दचकली होती. पोरगं चांगलं दिसत होतं. गाल वर आले होते.

ती जरा बिचकतच म्हणाली, “बगा की म्याडम, कसा भरलाय त्यो. आता रोज मागून खातो.”

ती सांगत होती ते रोज, त्या फोनपासून आजपर्यंतचं रोज.

“थांब,” मी म्हटलं. “ते नको देऊस.”

“का वो? तुमीच म्हनला हुता की खुशाल दे म्हनून.”

“म्हटलं होतं. पण पुन्हा तपासायला लागेल. तोवर नको.”

तिनं पोरापुढची ताटली काढून घेतली. त्यानं सूर लावला. आबा माझ्याकडं बघत होते, तिच्याकडं बघत होते, त्यांना काहीच उमगत नव्हतं. आणि मला तिथं उभ्या उभ्या, त्या रडण्यात, आणखी एक गोष्ट कळली, ती सगळ्यांत वाईट. पिंजऱ्यातले शिंपले मी घोड नदीतून आणले होते, एका वयाचे, एका ठिकाणचे, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. पण ह्या घरात जे शिजत होते ते तर इथल्याच चिखलातले, जन्मापासून त्या ओढ्याच्या तोंडाशी बसलेले. त्यातला एकसुद्धा मी कधी तपासला नव्हता. तिच्या चुलीशी जाऊन चार शिंपले मागायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं लक्ष पिंजऱ्याकडं होतं.

“कच्चे आहेत का घरात?” मी विचारलं.

“हायेत की!” तिचा चेहरा उजळला. आत जाऊन ओल्या फडक्याखाली झाकलेली पाटी घेऊन आली. “घ्या, लागतील तेवडं घ्या. कालवनाला वाटान देऊ का संगं?” तिला वाटलं, मॅडमचा राग ओसरला आणि मॅडमना खायला हवेत. मी नको म्हटलं. पिशवी घेऊन निघाले. तिला खरं सांगायचा धीर झाला नाही.

पुण्याहून रिपोर्टच्या आधी फोन आला. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, “मॅडम, हा नमुना कुठला? आम्ही परत एकदा लावून बघितला.” परत लावला म्हणजे काय ते मला समजलं. त्यांना आकडा खरा वाटला नव्हता. तो खराच होता. शिसं.

दुसऱ्या दिवशी गेले. वाटेत काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं आणि तिथं पोचल्यावर सगळं विसरले. आबांनी खुर्ची दिली, सुनेनं पाणी आणलं. मी पाणी न पिता सगळं सांगून टाकलं. नदीतल्या शिंपल्यांत शिसं आहे. लहान मुलांना ते वाईट. मी दे म्हटलं ते चुकीचं होतं.

आबांनी विचारलं, “म्हंजी मी पिंजरा काढला म्हनून असं झालं?”

“नाही, आबा.”

“म्हंजी शिंपल्यांनी घान खावी म्हनूनच टांगलं हुतं ते?”

“हो.”

“मरू बी द्यायचं न्हाई, आन् घान बी खाऊ द्यायची.”

“हो.”

“मंग तसं सांगायचं हुतं, म्याडम.”

आवाज चढवला नाही त्यांनी. रागावलेही नव्हते. नुसतं सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी बायका जिथून नदीत उतरतात तिथं एका काठीला तांबडं फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिथंच बसायला लागले. जी बाई पाटी घेऊन येईल तिला परत पाठवायचे. मी सांगितलं नव्हतं. मी सांगितलेल्या गोष्टींवर त्यांनी ह्यापुढं भरवसा ठेवू नये असंच मला वाटत होतं.

मी शिशाचं सांगत होते तेव्हा सून मात्र पोराला मांडीवर घेऊन त्याच्या पायाची बोटं चोळत बसली होती. मग तिनं मान वर केली.

“म्याडम, शिंपलं तुमी फोडून तपासताव न्हवं?”

“हो.”

“मंग लेकराला कसं तपासत्यात?”

मी म्हटलं, “रक्त काढतात. थोडंसंच.”

ती उठली. नवऱ्याला झोपेतून हलवलं, पोराला स्वेटर चढवला. दौंडला दवाखान्यात पोरगं तिच्या मांडीवर, मी त्याचा दंड धरून. शीर सापडेना. नर्सनं दुसऱ्या हाताला बघितलं. पोरगं किंचाळत होतं आणि माझ्याकडं बघत होतं, कारण हात मी धरला होता. त्याच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. चार शब्द सुनावले असते तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं. नवरा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळून गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, “म्याडम, कंपनीचं नाव कुठं येऊ देऊ नगा. काम जाईल माझं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

रक्ताचा रिपोर्ट पुण्याहूनच यायचा होता. आयुष्यभर मी शिकवलं, की जे पाण्यात ते शिंपल्यात आणि जे शिंपल्यात ते खाणाऱ्यात. हे वाक्य परीक्षेत लिहिलं नाही तर मी गुण कापते. ते चार-पाच दिवस मात्र मी मनातल्या मनात घोकत होते, की ह्या एका बाबतीत हे खोटं ठरू दे.

ठरलं नाही. एवढ्या लहान अंगात जे मुळीच असू नये ते होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर लक्षात आलं, हे खाणं कायमचं बंद करा, दूध द्या, अंडी द्या, पालेभाज्या द्या, लोहाचं औषध द्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. पुढं काही परिणाम दिसेल का, विचारलं तर म्हणाले, आत्ता नाही सांगता येणार. ‘वेळेवर’ हा शब्द ऐकून सुनेला हायसं वाटलं. मला माहीत होतं की माझ्या फोनपासून मी हौदापाशी गेले त्या दिवसापर्यंत पोरगं रोज तेच जेवत होतं.

आता ती मला फोन करते. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. नाचणीचं सत्त्व देऊ का, म्याडम? बाजारातली मेथी चालंल का? डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलंय, तरी तिला माझ्याकडून ऐकायचं असतं. “डाक्टर सांगत्यात, पर तुमी सांगा. तुमी म्हनाल ते देते.” फोनवर तिचं नाव दिसलं की हातातलं काम तसंच राहतं. एकदा वाटलं, उचलूच नये. पण उचलते.

काल तिनं विचारलं, “म्याडम, दूध वस्तीवरल्याच म्हशीचं हाय. म्हस वढ्याच्या कडंनं चरती, तिथलंच पानी पिती. देऊ ना?”

डॉक्टरांनी दूध म्हणताना म्हशीचा विचार केला नव्हता. मीही केला नव्हता. हो म्हणणं अगदी तोंडाशी आलं होतं, कारण दूध म्हणजे दूध, पोराचं सगळं पोषण आता त्याच्यावर चाललंय.

“मला माहीत नाही गं,” मी म्हटलं. “बघावं लागेल तपासून.”

“तपासा की मंग,” ती म्हणाली. “तवर न्हाई देत.”

“अगं, तसं नाही, एकदम बंद नको करूस...” मी म्हणेपर्यंत ती आत कुणाला तरी सांगत होती की वाटी उचला, म्याडम नको म्हणतात. दूध काढून घेतल्यामुळं पोरगं रडायला लागलेलं मला फोनमधून ऐकू येत होतं.